टेट्रिस खेळणं आणि टेट्रिस बघणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेट्रिस खेळतो आणि त्याहून जास्त वेळ इतरांचं टेट्रिस बघतो. हे कळलं की लोक तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे जरा खोलातले. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे ‘टेट्रिस’ म्हणजे निन्टेंडोने १९८९ साली एनईएस या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी काढलेली आवृत्ती समजावी. जुन्या पद्धतीच्या स्पर्धा तिच्यावरच होतात.

१. टेट्रिस म्हणजे जत्रेत मिळायचा तो ब्रिक गेमच ना?

हो, खेळ तोच. ‘९९९९ इन १’ असं छापलेली, पेन्सिल सेलवर चालणारी ती यंत्रं नव्वदच्या दशकात जत्रेत, एसटी स्टँडवर, खेळण्यांच्या दुकानांत सगळीकडे दिसायची. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना टेट्रिस तिथेच भेटलं, फक्त त्याचं नाव टेट्रिस आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या पडद्याची रुंदी १० घरं आणि उंची २० घरं असायची. एनईएसवरच्या टेट्रिसचं मापही तेच आहे.

मूळ खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोमध्ये, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात लिहिला. त्यांच्या हाताशी असलेल्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी चौकटी कंसांची चिन्हं जोडून तुकडे दाखवले. चार चौकोन एकमेकांना जोडण्याचे सातच प्रकार होतात: लांब दांडी, चौकोन, टी, एल, उलटा एल आणि दोन वाकडे तुकडे, म्हणजे एस आणि झेड. चाळीस वर्षांनंतरही मुख्य खेळ याच सातांवर चालतो, यातच त्या रचनेचं मोठेपण आहे.

२. तुकडे पडतात, ओळी जातात. यात बघण्यासारखं काय आहे?

खूप आहे, आणि मी हे ठामपणे म्हणतो. सामन्यात दोन खेळाडू शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाचा डाव स्वतंत्र चालतो आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. एकाचा डाव कोसळला तरी सामना संपत नाही. दुसऱ्याला त्याचे गुण ओलांडायची संधी असते, आणि तो मागे असेल तर पुढची दोन-तीन मिनिटं श्वास रोखून बघण्यासारखी असतात.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की खेळाडूला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. पडणारा तुकडा, पुढचा तुकडा आणि खालचा ढीग, बस. हातात लपवलेले पत्ते नाहीत, धुक्यात बसलेला शत्रू नाही. पुढची दांडी दोघांच्याही डोळ्यांसमोर असते आणि ‘मी हा तुकडा कुठे टाकला असता?’ हा प्रश्न बघणाऱ्याला दर सेकंदाला पडतो. इतका उघडा खेळ बुद्धिबळाखेरीज मला फारसा माहीत नाही.

३. सामना बघायला बसलो, पण काही कळेना. नजर कुठे ठेवायची?

पडणाऱ्या तुकड्यावर ठेवू नका. नवा माणूस तुकड्यामागे डोळे फिरवतो, आणि वरच्या लेव्हलला तो तुकडा दिसेपर्यंत खाली पोचलेला असतो. खेळाडूने त्याचा निर्णय तर त्याआधीच घेतलेला असतो, तो तुकडा ‘पुढचा’ म्हणून बाजूच्या चौकटीत होता तेव्हा.

तीन जागा बघा. पहिली, पुढच्या तुकड्याची चौकट. दुसरी, ढिगाचा वरचा पृष्ठभाग: तो सपाट आहे की खाचखळग्यांचा, आणि एखादी खाच फक्त दांडीनेच भरेल इतकी खोल झाली आहे का. तिसरी, उजवीकडचा मोकळा कॉलम (तो मोकळा का असतो ते प्रश्न ५ मध्ये). या तीन जागांवर डोळे बसले की पाच-सहा डावांतच तुम्ही ‘आता हा अडकणार’ असं खेळाडूच्या आधी म्हणायला लागाल. तिथून पुढे सामना कंटाळवाणा वाटत नाही.

४. एकेक ओळ साफ केली तर काय बिघडतं? सगळे चार ओळींसाठी का थांबतात?

गुणांसाठी. एक ओळ गेली तर ४० गुण, दोन गेल्या तर १००, तीन ३०० आणि चार एकदम गेल्या तर १२००. या आकड्याला लेव्हलपेक्षा एकने मोठ्या संख्येने गुणतात. म्हणजे लेव्हल १८ ला एक ओळ ७६० गुणांची, आणि चार ओळींचा घास २२,८०० गुणांचा. त्याच चार ओळी एकेक करून काढल्या असत्या तर ३,०४० मिळाले असते, म्हणजे साडेसात पट तोटा.

चार ओळी एकदम फक्त दांडीच काढू शकते. त्या घटनेलाच खेळाडू ‘टेट्रिस’ म्हणतात. म्हणून सगळा खेळ हा दांडीची वाट बघण्याचा आहे: किती उंच रचायचं, किती धोका पत्करायचा, आणि दांडी येत नाही म्हटल्यावर केव्हा मन घट्ट करून एक-दोन ओळी स्वस्तात जाळायच्या. अशा ओळी घालवण्याला ‘बर्न’ म्हणतात. खेळाडूचा स्वभाव मला बर्नमध्ये दिसतो. कुणी ढीग अर्ध्यावर आला की लगेच दोन ओळी काढून मोकळा होतो, कुणी छताला टेकेपर्यंत थांबतो.

५. उजवाच कॉलम मोकळा का ठेवतात? डावा का नाही?

कॉलम मोकळा ठेवायचा तो दांडी उभी टाकून चार ओळी एकदम काढण्यासाठी. दांडी उभी केल्यावर ती बरोबर मध्यावर येत नाही, जराशी उजवीकडे येते. त्यामुळे उजव्या भिंतीपर्यंत न्यायला चार वेळा बटण दाबावं लागतं, डाव्या भिंतीपर्यंत पाच वेळा. खालच्या लेव्हलला हा फरक जाणवणारही नाही. वेग वाढला की त्या एका दाबण्यावर डाव राहतो किंवा जातो.

६. लेव्हल २९ चं एवढं काय प्रस्थ आहे?

एनईएसवर सेकंदाला साधारण ६० फ्रेम दिसतात. लेव्हल १८ ला तुकडा दर तीन फ्रेमना एक घर खाली येतो, १९ पासून दर दोन फ्रेमना, आणि २९ पासून दर फ्रेमला. म्हणजे २० घरांचा पूर्ण खड्डा तो सेकंदाच्या एक तृतीयांशात पार करतो.

अडचण वेगाची कमी आणि बटणाची जास्त आहे. बाणाचं बटण दाबून धरलं तर तुकडा एक घर सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर ६ फ्रेमना एकेक घर सरकतो. हिशोब करून बघा: बटण धरून ठेवून तुकडा भिंतीपर्यंत पोचायच्या आत तळाशी पोचतो. ढीग मधोमध वाढत जातो आणि डाव संपतो. म्हणून लेव्हल २९ ला ‘किल स्क्रीन’ म्हणजे खेळाचा शेवट मानलं जायचं. लेव्हल १८ पासून सुरुवात केली तर तिथपर्यंत २३० ओळी मिळतात. त्या २३० ओळींत जास्तीत जास्त गुण करायचे, अशीच सगळ्यांची आखणी असायची.

७. मग लोक २९ च्या पुढे कसे गेले?

यंत्र तेच, कॅसेट तीच; बदलला तो बटण दाबण्याचा प्रकार. मला या खेळाच्या इतिहासातला हा भाग सगळ्यांत प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली युक्ती हायपरटॅपिंगची. बटण धरून न ठेवता अंगठा थरथरवत ते सेकंदाला दहाहून जास्त वेळा दाबायचं. थॉर आकरलंड हा त्यातला जुना जाणकार. १९९० च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो आपल्या वयोगटात पहिला आला होता, आणि २०११ मध्ये तो लेव्हल ३० ला पोचला. पण हे सगळ्यांच्या अंगठ्याला जमणारं नव्हतं. बहुतेक जण बटण धरूनच खेळत राहिले आणि त्यांचा राजा होता जोनस न्यूबाउअर. क्लासिक टेट्रिस वर्ल्ड चॅम्पियनशिप २०१० मध्ये सुरू झाली, आणि २०१७ पर्यंतच्या आठ स्पर्धांपैकी सात त्याने जिंकल्या. फक्त २०१४ मध्ये हॅरी हाँगने त्याला हरवलं.

२०१८ च्या अंतिम सामन्यात जोनससमोर १६ वर्षांचा जोसेफ सेली बसला. तो हायपरटॅपिंग करणारा. त्याने जोनसला ३-० असं हरवलं. जोसेफ या खेळाकडे वळला तोच मुळी जोनसचा २०१६ चा अंतिम सामना यूट्यूबवर बघून! बघणं हा खेळाचाच भाग आहे असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, त्याला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. जोनस जानेवारी २०२१ मध्ये ३९ व्या वर्षी अचानक गेला. त्याचे जुने सामने जरूर बघा. इतका शांत, नीटनेटका ढीग रचणारा दुसरा खेळाडू मी पाहिलेला नाही.

दुसरी युक्ती २०२०च्या अखेरीस आली, रोलिंग. ख्रिस्तोफर मार्टिनेझ ऊर्फ चीझ या खेळाडूने ती रुळवली. अंगठा बाणाच्या बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची. प्रत्येक बोटाच्या टिचकीने कंट्रोलर अंगठ्यावर आदळतो आणि बटण दाबलं जातं. अंगठा दमत नाही, आणि वेग हायपरटॅपिंगपेक्षा जास्त मिळतो. लेव्हल २९ ही भिंत त्यानंतर भिंत राहिलीच नाही.

८. कुणीतरी टेट्रिस ‘हरवलं’ अशी बातमी वाचली होती. न संपणारा खेळ हरवणार कसा?

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा विलिस गिब्सन, खेळातलं नाव ब्लू स्कूटी, लेव्हल १५७ ला पोचला आणि खेळ गोठला. डाव साधारण ३८ मिनिटं चालला होता. मूळ कॅसेटवर माणसाने खेळाला गोठेपर्यंत नेण्याची ही पहिली वेळ. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते. हा डाव त्याने त्यांना अर्पण केला.

खेळ गोठतो तो आकडेमोडीमुळे. लेव्हल १५५ पासून पुढे ओळ साफ झाल्यावर गुण मोजायला यंत्राला कधी कधी एका फ्रेमपेक्षा जास्त वेळ लागतो. ते काम अर्ध्यावर असतानाच पुढच्या फ्रेमचं काम येऊन धडकतं, प्रोग्राम भलत्याच जागी उडी मारतो आणि सगळं थांबतं. १९८९ मध्ये हे लिहिणाऱ्यांना कुणी इथवर येईल अशी कल्पना असायचं कारणच नव्हतं.

त्याच्या आधी स्टॅकरॅबिट नावाच्या संगणक-प्रोग्रामने २०२१ मध्ये, मूळ खेळात थोडा फेरफार करून, लेव्हल २३७ गाठली होती. खेळ नेमका कुठे गोठू शकतो याचा शोध तिथून सुरू झाला.

९. त्या व्हिडिओत रंग मध्येच बिघडले होते. कॅसेट खराब होती का?

नाही. खेळात दहा रंगजोड्या आहेत आणि त्या दर दहा लेव्हलला पुन्हा येतात. लेव्हल १३८ पासून यंत्र त्या यादीच्या बाहेरची माहिती वाचायला लागतं आणि जे हाती लागेल ते रंग म्हणून दाखवतं. काही जोड्या सुंदर दिसतात. लेव्हल १४६ आणि १४८ मात्र इतक्या काळपट आहेत की तुकडे पार्श्वभूमीत विरघळतात. खेळाडूंनी त्यांना ‘डस्क’ आणि ‘चारकोल’ अशी नावं ठेवली आहेत. या दोन लेव्हल खेळताना बघणं हा माझ्या मते आजच्या टेट्रिसमधला सगळ्यांत थरारक प्रकार आहे, कारण इथे बघणाऱ्यालाही काही दिसत नाही.

१०. मग आता पुढे काय उरलं?

लेव्हल २५५ नंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो. त्याला ‘रीबर्थ’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल आर्टिआगा ऊर्फ डॉग याने ते केलं. तो २०२० आणि २०२१ चा विश्वविजेता. यासाठी गोठणं टाळण्यापुरता बदल केलेली आवृत्ती वापरली होती, त्यामुळे हा पराक्रम प्रश्न ८ मधल्या पराक्रमाशी थेट ताडून बघू नये. दोन्ही आपापल्या जागी मोठे आहेत.

विश्वस्पर्धेपुढे वेगळाच पेच उभा राहिला: रोलिंग करणाऱ्यांचे डाव संपेनातच. म्हणून २०२३ पासून तिथे लेव्हल ३९ ला वेग आणखी दुप्पट केला जातो. हा बदल मला पटतो. सामन्याला शेवट हवा, आणि शेवट जवळ आला की खेळाडू किती धोका पत्करतो ते बघण्यात खरी मजा आहे.

११. मला हवी तेव्हा दांडी कधीच येत नाही. खेळ मुद्दाम करतो का?

मुद्दाम करत नाही, पण दयाही दाखवत नाही. खेळ आठ बाजूंचा एक फासा टाकतो. सात बाजू सात तुकड्यांच्या, आठवी रिकामी. रिकामी बाजू आली किंवा मागचाच तुकडा पुन्हा आला तर तो एकदाच, सात बाजूंचा फासा परत टाकतो आणि जे येईल ते देतो. त्यामुळे तोच तुकडा लागोपाठ यायची शक्यता थोडी कमी होते, एवढंच. दांडी किती वेळात आलीच पाहिजे असा काही नियम नाही. वीस-तीस तुकडे तिचं तोंडही दिसत नाही असं होतं, आणि समालोचक ‘दुष्काळ’ जाहीर करतात. दुष्काळात टिकून राहणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी प्रश्न ४ मधला बर्न वेळेवर करता यायला हवा.

१२. फोनवर मी बरा खेळतो, पण जुनं टेट्रिस खेळलो तर दोन मिनिटांत आटोपलं. असं का?

नव्या आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीत घालून, पिशवी रिकामी होईपर्यंत एकेक बाहेर काढतात. त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ तुकडे येऊ शकतात. शिवाय तुकडा बाजूला राखून ठेवता येतो, तो कुठे पडेल याची सावली दिसते, पुढचे अनेक तुकडे आधीच कळतात आणि तळाशी टेकल्यावरही तो थोडा वेळ फिरवता येतो. जुन्या खेळात यातलं काहीही नाही.

यात खरं-खोटं काही नाही. नवं टेट्रिस वेगाचं आणि झटापटीचं आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘टेट्रिस ९९’ मध्ये तर ९९ जण एकाच वेळी भिडतात. रोज खेळायला मी नवंच सुचवेन. शांतपणे बघायला मात्र जुनं.

१३. लहानपणी आमच्याकडे कॅसेटचा व्हिडिओ गेम होता. त्यावरचा स्कोअर धरला जाईल का?

आपल्याकडे त्या काळी मिळणाऱ्या कॅसेटवर टेट्रिस या नावाखाली वेगवेगळे खेळ असायचे. निन्टेंडोची आवृत्ती ओळखायची खूण सोपी आहे: डाव्या बाजूला सातही तुकडे किती आले याची मोजणी चालू असते.

तीच आवृत्ती असली तरी आणखी एक फाटा आहे. त्या काळच्या आपल्या टीव्हीची पद्धत पाल होती, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. एनईएस टेट्रिसची पाल आवृत्ती वेगळी आहे. तिच्यात धरलेल्या बटणाने तुकडा लवकर सरकतो, पण दर फ्रेमला एक घर हा वेग लेव्हल १९ लाच येतो. म्हणून दोन्ही पद्धतींचे विक्रम वेगवेगळे नोंदवले जातात. प्रश्न ६ मधले आकडे अमेरिकी आवृत्तीचे आहेत.

१४. माझी मुलगी स्वतः खेळत नाही, तासन्‌तास दुसऱ्यांचे खेळ बघत बसते. हे ठीक आहे का?

किती वेळ बघायचं हे घरातल्यांनी ठरवावं. पण बघणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे मला मान्य नाही. वर जोसेफचं उदाहरण आहेच. क्रिकेटची मॅच बघणाऱ्या मुलाला आपण ‘स्वतः का खेळत नाहीस’ असं दरवेळी कुठे विचारतो?

एक करून बघा. तिच्या शेजारी बसा आणि प्रत्येक तुकडा पडण्याआधी ‘हा कुठे जाईल?’ असं दोघांनी सांगायचं. थोड्याच वेळात ती तुम्हाला हरवायला लागेल, आणि मग तिला स्वतः खेळावंसं वाटण्याची बरीच शक्यता आहे.

१५. डोळे मिटले की तुकडे पडताना दिसतात. काळजी करण्यासारखं आहे का?

फार जणांना दिसतात. हार्वर्डमधल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी यावर अभ्यास करून तो २००० साली प्रसिद्ध केला. टेट्रिस खेळलेल्या बऱ्याच जणांना झोप लागता लागता पडणारे तुकडे दिसले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे असेही रुग्ण होते ज्यांना आपण हा खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं. झोपेवर परिणाम होत असेल तर रात्रीचं खेळणं आधी थांबवा. मी झोपण्यापूर्वी फक्त बघतो, खेळत नाही.

१६. चाळिशीनंतर शिकायला घेतलं तर जमेल का?

जमेल. जोनस २०१८ चा अंतिम सामना खेळला तेव्हा ३७ वर्षांचा होता. रोलिंगला बोटं लागतात, पण लेव्हल १८ पर्यंतचा खेळ जवळजवळ पूर्णपणे डोळ्यांचा आणि विचारांचा आहे. सुरुवातीला वेग विसरा, संथ लेव्हलला एकही भोक न ठेवता रचायला शिका. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित उंच ठेवा. दांडीशिवाय भरणार नाही अशी दुसरी खाच कधीही तयार करू नका.

१७. अगदी निर्दोष खेळलं तर टेट्रिस अनंत काळ चालू शकतं का?

यंत्र गोठण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नाही. एस आणि झेड हे वाकडे तुकडे आळीपाळीने पुरेसा वेळ येत राहिले तर कोणताही खेळाडू, कितीही हुशार असला तरी, हरतोच. हायडी बर्गिल यांनी १९९७ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. निव्वळ यादृच्छिक तुकडे अनंत काळ येत राहिले तर अशी मालिका कधी ना कधी येणारच. प्रश्न १२ मधल्या पिशवीच्या आवृत्तीला हे लागू होत नाही, कारण तिथे तशी मालिका येऊच शकत नाही.

१८. एनईएसचे सामने बघून झाले. पुढे काय बघू?

जपानच्या आरिका कंपनीचं ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’. पहिला भाग १९९८ चा, आर्केड यंत्रावरचा. वरच्या टप्प्यात तुकडा पडताना दिसतच नाही, तो थेट ढिगावरच प्रकटतो आणि तिथून घसरवत न्यावा लागतो. २००० सालच्या दुसऱ्या भागात, सर्वोच्च श्रेणीसाठी खेळताना शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की ठेवलेला प्रत्येक तुकडा अदृश्य होतो आणि खेळाडूला सगळा ढीग डोक्यात ठेवून खेळावं लागतं. प्रश्न ३ मधल्या तीन जागांपैकी ढीग इथे नाहीसा होतो, म्हणून आधी एनईएसचे पुरेसे सामने पाहून झालेले असावेत.